पंपातलं आघाडी सरकार

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला वळण लागेल हळूहळू) कोण कुणाचा विरोधक हे विचारायची पद्धत नाही. सकाळी सभेत ज्याचे कपडे फाडले, त्याच्याच पुतणीच्या लग्नात संध्याकाळी अक्षता टाकायला पहिल्या रांगेत. सोयरीक आहे, कारखाना आहे, सोसायटी आहे. भागवून घ्यावं लागतं. अशा मातीत वाढलेल्या माणसाला ‘ही दोन औषधं एकत्र नांदत नाहीत’ असं सांगितलं तर तो हसणारच. इथं सगळेच नांदतात.

सोनईच्या पेठेत ऑगस्टातल्या संध्याकाळी एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरला टेकून उभं राहा. करमणुकीला दुसरं काही लागत नाही.

‘शेठ, कपाशीला चिकटा आलाय. शेंडा कोकडलाय.’

‘पान आणलंय का?’

‘पान कशाला? रस्त्यावरून दिसतंय की.’

शेठ मागं न बघता हात लांब करतात. फळी त्यांना पाठ आहे.

‘हे मावा-तुडतुड्याला. हे त्याच्या जोडीला, एकट्याला आता मरत नाही तो. पाऊस झालाय, बुरशीनाशक टाका. हे १९:१९:१९. हे टॉनिक, पातं गळायचं नाही. हे स्टिकर. आणि हे जैविक, व्हर्टिसिलियम. ह्याच्यावर स्कीम चालूय.’

‘समदं एकाच पंपात चालतंय ना?’

‘चालतंय की. सगळ्यांचं चालतंय.’

सात घटक पक्ष, एक पंधरा लिटरचा पंप. किमान समान कार्यक्रम एकच: उद्या दुपारपर्यंत फवारा संपला पाहिजे.

आता यातली गंमत बघा. व्हर्टिसिलियम ही जिवंत बुरशी आहे. शास्त्रज्ञांनी तिचं नाव बदलून लेकॅनिसिलियम केलं, पण बाटलीवर आणि बोलण्यात जुनंच चालतं. तिचे बीजाणू माव्याच्या अंगावर पडतात, हवेत ओल असली तर रुजतात, कातडीतून आत घुसतात आणि किडा आतून खातात. या कामाला चार-सहा दिवस लागतात, ढगाळ हवा किंवा संध्याकाळची वेळ लागते. आणि त्याच बादलीत आपण काय ओतलं? बुरशीनाशक. पाकिटावर ठळक छापलेलं असतं, बुरशी मारण्यासाठी. बादलीत काठी फिरवून होईपर्यंत सरकार पडलेलं असतं. कपाशीवर पडतो तो नुसता पाठिंबा.

दुसऱ्या दिवशी मावा मेला, तर श्रेय रासायनिकाला. नाही मेला, तर शिव्या जैविकाला. ‘जैविकात दम नाही राव, करून बघितलं मी.’ काय करून बघितलं, हे विचारणारा चावडीवर कुणी नसतो.

शेतकरी अडाणी आहे म्हणून हे होतं, असं म्हणणाऱ्यांनी एक फवारणी स्वतः करून घ्यावी. सोनईकडे फवारणीची मजुरी बऱ्याचदा पंपावर ठरते. एकरी दहा-बारा पंप कपाशी पदरात घेते, झाडं वाढली की जास्त. माणूस मिळवायचा, त्याला चहा, त्याला गाडीवरून आणायचा-सोडायचा. आज कीटकनाशक, आठवड्यानं बुरशी, मध्ये विद्राव्य खत असं शास्त्रशुद्ध वेळापत्रक पाळायचं म्हटलं तर त्याच शेतातून तीन वेळा तेवढेच पंप, तीन वेळा तेवढीच मजुरी. मग माणूस म्हणतो, टाका सगळं एकदाच. मिसळण्याचं शास्त्र त्यानं मजुरीच्या हिशेबातून शिकलंय, आणि तो हिशेब चुकीचा नाही. चूक आहे ती त्या हिशेबाला ‘एकात्मिक कीड नियंत्रण’ असं नाव देणाऱ्यांची.

कारण एकात्मिक ही काही पंपात करायची गोष्ट नाही. ती हंगामात करायची असते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं हे सांगून आता वीसएक वर्षं झाली. त्यांनी कपाशीचा हंगाम टप्प्यांत कापला. पहिले साठ दिवस शक्यतो फवाराच नको. ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपा, सिरफिड माशी यांना शेतात वस्ती करू द्या. मग निंबोळी आणि ट्रायकोग्रामा. त्यानंतर गरज पडली तर विषाणू किंवा मित्रकिड्यांना कमी त्रास देणारं रासायनिक. आणि पायरेथ्रॉइडसारखी जहाल मंडळी अगदी शेवटी. म्हणजे जैविक आधी, रासायनिक नंतर, आणि दोघांच्या मध्ये कॅलेंडर. नुसतं वाचून पटतं. अडचण एवढीच की कॅलेंडर फुकट मिळतं; त्यावर कुणाला स्कीम लावता येत नाही.

तरी एकाच टाकीत जैविक-रासायनिक टाकण्याला शास्त्राचा सरसकट विरोध आहे असंही नाही. हिरव्या बोंडअळीच्या विषाणूसोबत, म्हणजे एचएनपीव्हीसोबत, अर्ध्या मात्रेचं एंडोसल्फान देण्याचे प्रयोग एकेकाळी झालेले आहेत. कीड अर्धमेली करायची आणि उरलेलं काम विषाणूवर सोपवायचं, हा विचार. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली आणि ती जोडी मोडली. विषाणू तेवढा राहिला. तो बिचारा उन्हाला घाबरतो, म्हणून फवारायच्या द्रावणात राणीपाल टाकायची शिफारस असायची, सोबत थोडा गूळ. आजीच्या पांढऱ्या लुगड्यासाठी आणलेली राणीपालची पुडी आजोबा शेतावर घेऊन गेले तर घरात काय बोलणं झालं असेल, याची नोंद कुठल्याही शोधनिबंधात नाही. विषाणू लागलेल्या अळ्या शेंड्यावर चढून उलट्या लटकतात आणि पाणी पाणी होऊन मरतात. त्या गोळा करून, ठेचून, गाळून पुन्हा फवारणारी मंडळी तेव्हा होती. आता हा विषाणू जास्त करून हरभऱ्यावर दिसतो, कारण कपाशीतली हिरवी अळी बीटीनं आवरली.

बीटीचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. जैविक आणि रासायनिक यांचं सगळ्यात यशस्वी लग्न तुमच्या-आमच्या हातात दर जूनला असतं, आणि आपल्याला ते माहीतही नसतं. बियाण्याचं पाकीट फोडा. दाण्याच्या आत एका जिवाणूचं जनुक, दाण्यावर इमिडाक्लोप्रिडचा रंगीत थर. आतून जैविक, बाहेरून रासायनिक. थर पहिले काही आठवडे मावा-तुडतुड्यांना रोखतो, जनुक बोंडअळीला. एकाच दाण्यात दोघं, आणि भांडण नाही, कारण कामाची वाटणी आधीच करून दिलेली आहे.

पण ही घडीही आपण विस्कटलीच. २००२ साली बीटी आलं, २००६ साली दोन जनुकांचं आलं. पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी असायची, साध्या, बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीला थोडी साधी कपाशी मिळते आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांची जात फोफावत नाही. आपण काय केलं? बांधावर फेकली. ‘अळीसाठी का पेरायचं?’ असा बिनतोड सवाल. मग गुलाबी अळीनं बीटी पचवायला सुरुवात केली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरली. शेवटी सरकारला अक्कल सुचली: साधं बियाणं पाकिटातच मिसळून द्यायचं. आता ४७५ ग्रॅमच्या पिशवीत दोन्ही एकत्र. मिसळण्याच्या या एकूण प्रकरणात हे एकच मिश्रण विचार करून केलेलं आहे, आणि तेही आपला भरवसा नाही म्हणून.

२०१७ आठवलं की यवतमाळ आठवतं, आणि तिथं तिरकसपणाला जागा नाही. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, पंप जोराचा, तोंडाला फार तर रुमाल, आणि टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र. सरकारनं पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. त्यातली दोन तर कंपनीतूनच दोन विषं मिसळून बाटलीबंद होऊन आलेली होती. अशा तयार मिश्रणांना निदान नोंदणी लागते, लेबल क्लेम लागतो: कुठलं पीक, कुठली कीड, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं. बादलीत काठीनं ढवळलेल्या मिश्रणाला असलं काही नसतं. डॉक्टर विचारतो, ‘काय मारलं होतं?’ आणि बाटल्या दाखवायला कुणी नसतं. उतारा द्यायचा तर तो कुठल्या विषावर द्यायचा?

कीटकनाशक कायदा १९६८ चा. गंमत म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठही १९६८ सालचंच. दोघं समवयस्क. विद्यापीठ सोनईपासून दुचाकीवर तासाभराच्या आत, आणि सोनईत मुळा एज्युकेशन सोसायटीचं कृषी महाविद्यालय तर गावातच आहे. म्हणजे सल्ला हवा तर तो लांब नाही. दरवर्षी अंतिम वर्षाची पोरं-पोरी कृषिदूत आणि कृषिकन्या होऊन आसपासच्या गावांत उतरतात. निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक होतं. फ्लेक्स लागतो. पाच किलो निंबोळी कुटून, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून शंभर लिटर पाण्यात टाकायची, हे फ्लेक्ससमोर उभं राहून सांगितलं जातं. सरपंच, दोन सदस्य, एक बादली, नऊ विद्यार्थी, फोटो. बादलीतला अर्क पुढं कुठं जातो, हे अहवालात येत नाही. पोरांना नावं ठेवत नाही मी. त्यांना गुण फोटोवर मिळत असतील तर ती फोटोच काढणार.

कृषी सहायकाचं पद तर अलीकडे सहायक कृषी अधिकारी झालंय. नाव वाढलं, गावं कमी झाली नाहीत. तो बिचारा पीक पाहणी, पंचनामे, शेततळं, पोर्टल आणि पुन्हा पोर्टल यातून कपाशीत कधी उतरणार? संध्याकाळी सहा वाजता, चिकटा घेऊन आलेल्या माणसासमोर हजर असतो तो एकटा शेठ. उधारी देतो, उसाच्या बिलापर्यंत थांबतो. राज्याची कृषी विस्तार सेवा आज त्याच्या काउंटरवर चालू आहे, फक्त तिचा पगार बाटल्यांतून निघतो.

त्यात ‘जैविक’ छापलेल्या सगळ्याच बाटल्या जैविक असतात असं समजू नका. काहींत चक्क रासायनिक कीटकनाशक निघालेलं आहे. असली बाटली फवारली की सकाळी मावा पटापट गळतो आणि माणूस खूश: ‘ह्या कंपनीचं जैविक एकदम कडक!’ खरी बुरशी चार दिवस घेते म्हणून नापास, खोटी एका रात्रीत मारते म्हणून पहिली. आणि ज्याला जैविक समजून हात न झाकता कालवलं, त्यात काय होतं ते कातडीला नंतर कळतं.

आता ट्रायकोकार्डचं बघा. बोटभर लांबीच्या पट्ट्या असलेलं कार्ड, त्यावर तांदळाच्या पतंगाची वीस हजार अंडी चिकटवलेली, सगळी काळी पडलेली. काळी, कारण प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीचं पिलू वाढतंय. ही माशी अर्ध्या मिलिमीटरची. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मायच्या आधीच तिचा कारभार आटोपतो. एकरी तीन कार्डं. पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरनं टोचायच्या. होय, ग्रामपंचायतीतल्या टेबलावर असतो तोच स्टेपलर. कपाशीत ओणवं होऊन पानाला पिन मारणारा माणूस बघून रस्त्यावरचे गाडी थांबवतात आणि विचारतात, ‘अण्णा, काय पावत्या जोडताय का?’

गुलाबी अळीला ही माशी का लागते, हे बोंड फोडून बघितल्याशिवाय कळत नाही. बाहेरून हिरवंगार, टणक, एक डाग नाही. अंगठ्याच्या नखानं शिवणीवर दाबा, फाकवा. आत सरकी खाऊन झालेली, रुई पिवळट, आणि कप्प्याच्या पडद्याला आरपार गोल भोक, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला. अळी तिथंच असते, अंगावर गुलाबी पट्टे, डोकं तपकिरी. ती अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात पात्यात नाहीतर बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. मग वरून तुम्ही सात पक्षांचं सरकार फवारा की सतरा पक्षांचं, तिला कळतही नाही. गाठायचं तर अंड्यात गाठा, नाहीतर पतंगात. म्हणून कामगंध सापळे: रात्रीला एका सापळ्यात आठ पतंग, असं लागोपाठ तीन रात्री झालं की समजायचं, आता हालचाल करा. किंवा शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात अळी निघाली की रासायनिक घ्यायला हरकत नाही. त्याच्या आधी नको. आधी पायरेथ्रॉइड मारलं तर ढालकिडे मरतात, पांढरी माशी उरते, आणि चिकट्यासाठी पुन्हा शेठकडे.

कार्ड टोचल्यावर माश्या बाहेर पडेपर्यंत आणि पुढं काही दिवस रासायनिक फवारा बंद, ही एकच अट. आपण पाळतो. पण बांधापलीकडचा? त्याचा पंप त्या दिवशी सकाळी मिळालेला असतो, आणि वारा पश्चिमेचा असतो.

सापळ्यांचंही तसंच. सोनई ते घोडेगाव रस्त्यानं जा, कपाशीत सापळे टांगलेले दिसतील, छान पिवळे-हिरवे. आतली ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. ती पोळ्याला लावलेली, दिवाळीपर्यंत तीच. नुसती पिशवी वाऱ्यावर हलते. त्यात पतंग नाही म्हणून माणूस निर्धास्त.

डिसेंबर उजाडला की कपाशी उपटायची, पुन्हा बोंडं धरायला राखून फरदड घ्यायची नाही, हा गुलाबी अळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. आमच्या नेवासे तालुक्याचं या बाबतीत बरं आहे. मुळा कालव्याचं आवर्तन आलं की रान गव्हाला, कांद्याला मोकळं करायची घाई असते, त्यामुळं पऱ्हाटी लवकर निघते. ज्याचं रान अडलेलं नाही, तो मात्र भावाची वाट बघत कपाशी ठेवतो. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,११० रुपये जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही उतरलं, वर्षअखेरपर्यंत. एकाच वेळी दोन्ही. मिसळायची हौस शेतकऱ्यालाच आहे असं थोडंच आहे.

तर उपटायच्या आधी रानात मेंढरं बसवतात. वेचणी संपलेल्या कपाशीत मेंढ्या शिरल्या की पानं, उरलीसुरली पाती, कवडी झालेली हिरवी बोंडं अळीसकट फस्त करतात आणि वर लेंड्यांचं खत टाकून जातात. शिफारशीतही आहे हे, आणि याची बाटली कुठल्याच फळीवर नाही. परवा एका बागायतदारानं असाच एक वाडा बसवायला बोलावला. दर ठरला, धान्य ठरलं. मेंढपाळ बांधावर उभा राहिला, मेंढरं मागं थोपवली आणि म्हणाला, ‘पाटील, आधी सांगा, शेवटचं औषध कधी मारलं?’

हंगामभरात हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच.

‘झाले असतील आठ-दहा दिवस.’

‘कोणतं मारलं?’

पाटलांनी थोडा विचार केला.

‘कोणतं म्हणतोस? त्यात सात होती.’